रिकामी परतणारी गाडी आणि वहीत न लिहिलेला खर्च

जालना जिल्ह्यातील एका वाचकाच्या दीर्घ पत्राचा सारांश असा आहे. त्यांचे वय 36 आहे. नऊ वर्षे दुसऱ्यांच्या गाड्यांवर चालक म्हणून काम केल्यानंतर त्यांनी दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून 2019 सालची दहा चाकी गाडी विकत घेतली. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतून सळई भरायची, चाकण परिसरात उतरवायची आणि मिळेल ते परतीचे भाडे घेऊन यायचे, असा त्यांचा क्रम आहे. टनाला 950 रुपये मिळतात आणि दोन वर्षांत त्यात वाढ झालेली नाही. महिन्याचा हप्ता 31,000 रुपये असून असे 22 हप्ते बाकी आहेत. सर्व खर्च जाऊन महिन्याला पाच हजार रुपये उरतात, असे ते लिहितात. गेल्या वर्षी टायर घेण्यासाठी पत्नीचे दागिने गहाण ठेवावे लागले, ते अजून सुटलेले नाहीत. गाडी विकून एखाद्या कंपनीत चालक म्हणून लागावे, असे मेहुणे म्हणतात. वाळूजमधील एक वाहतूकदार गाडी स्वतःकडे लावून घ्यायला, म्हणजे ठरलेल्या दराने नियमित काम द्यायला, तयार आहे. सोबतचे चालक मात्र सांगतात की, पासिंगपेक्षा (कायद्याने मंजूर वजनापेक्षा) जास्त माल भरल्याशिवाय या धंद्यात कोणी टिकत नाही. “गाडी उभी ठेवण्यापेक्षा मिळेल त्या भाड्याला पळवलेली बरी, असे मानून मी दोन वर्षे काढली. एका गाडीचा मालक एवढ्या कमी भाड्यात टिकू शकतो का?” असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार,

तुम्ही पत्रासोबत वहीच्या चार पानांची छायाचित्रे पाठवलीत, याबद्दल मी तुमचा आभारी आहे, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या पानांमध्ये आहे. पेन्सिलीने लिहिलेले अक्षर नीटनेटके आहे, एका कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा उमटला आहे आणि प्रत्येक फेरीचे डिझेल, टोल, वाराई (माल उतरवण्याची हमाली), दलालाचे कमिशन, इतकेच काय, पण “हवा 50” अशीसुद्धा नोंद आहे. इतक्या काटेकोरपणे हिशेब ठेवणारा माणूस निष्काळजी असूच शकत नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पत्रात तुम्ही तीन ठिकाणी स्वतःला दोष दिला आहे. त्या पानांमध्ये दोन गोष्टी मात्र कोठेही सापडत नाहीत. टायरचा रकाना नाही, आणि तुमचा स्वतःचा पगार नाही.

तुमच्याच आकड्यांवरून आपण महिन्याचा हिशेब पुन्हा मांडू. त्या महिन्यात सात फेऱ्या झाल्या. जाताना 18 टनांचे 17,100 रुपये याप्रमाणे 1,19,700 रुपये आले. परतताना चार वेळा सरासरी 9,000 रुपयांचे भाडे मिळाले आणि तीन वेळा गाडी रिकामी आली. म्हणजे एकूण जमा 1,55,700 रुपये. दर फेरीला 600 किलोमीटर धरता गाडी 4,200 किलोमीटर धावली आणि लिटरला 4.2 किलोमीटर या सरासरीने 1,000 लिटर डिझेल लागले, जे तुम्ही लिहिलेल्या 90 रुपये दराने 90,000 रुपयांचे झाले. टोल 13,300, वाराई-कमिशन-पार्किंग 7,700 आणि 28 दिवसांचे जेवणखाण 8,400 रुपये. त्यातून हप्ता वजा केल्यावर 5,300 रुपये उरतात. इथपर्यंत तुमचा हिशेब अगदी बरोबर आहे.

आता वहीत नसलेल्या गोष्टी पाहू. दहा टायरांचा संच साधारण दोन लाखांचा धरला आणि तो 80,000 किलोमीटर टिकतो असे मानले, तर प्रत्येक किलोमीटरला अडीच रुपयांचे रबर झिजते. ऑइल, ग्रीसिंग, ब्रेक लायनर, क्लच, पाटे यांसाठी किलोमीटरमागे दीड रुपया धरणे काटकसरीचेच आहे. या दोन्हींचे मिळून महिन्याला 16,800 रुपये होतात. तुम्ही लिहिलेला 60,000 रुपयांचा वार्षिक विमा महिन्याला 5,000 रुपये आणि कर, परवाना, फिटनेस यांचे 2,000 रुपये धरा. म्हणजे पाच हजार उरण्याऐवजी दर महिन्याला सुमारे 18,500 रुपयांची तूट येत आहे, आणि त्यात तुमचा पगार अजून धरलेलाच नाही. गेल्या वर्षी पत्नीचे दागिने ज्या टायरांसाठी गहाण पडले, तो खर्च अचानक आलेला नव्हता. तो प्रत्येक फेरीत थोडा थोडा साठत होता, फक्त वहीत त्याला जागा नव्हती.

चालक म्हणून तुमची मजुरी 20,000 रुपये धरली, तर महिन्याचा एकूण खर्च 1,94,200 रुपये होतो. दुसऱ्या शब्दांत, तुम्हाला किलोमीटरमागे 37 रुपये मिळतात आणि 46 रुपये लागतात. माझे टायरचे किंवा दुरुस्तीचे आकडे तुमच्या अनुभवाशी जुळत नसतील तर ते अवश्य बदला, पण रकाना कोरा ठेवू नका. तुमच्यासारख्या अनेक चालक-मालकांची मला वाटणारी काळजी हीच आहे. ते आपल्या श्रमाची किंमत शून्य धरतात, त्यामुळे तोट्यातली गाडी त्यांना कित्येक वर्षे ‘कशीबशी चालणारी’ वाटत राहते.

“गाडी उभी ठेवण्यापेक्षा पळवलेली बरी” हे वाक्य मी ट्रान्सपोर्ट नगरात अनेकदा ऐकले आहे, आणि ते सर्वस्वी चुकीचेही नाही. हप्ता आणि विमा गाडी उभी असली तरी चुकत नाहीत, त्यामुळे डिझेल, टोल आणि झीज भागवून वर चार पैसे देणारे भाडे नाकारण्यात शहाणपण नसते. पण ते तेवढेही देते का, हे पाहायला हवे. तुमच्या एका फेरीचा चालू खर्च झिजेसह सुमारे 19,450 रुपये आहे आणि जाण्याचे भाडे 17,100 रुपये. गाडी रिकामी परतली त्या तिन्ही फेऱ्यांत, हप्त्याचा विचारही न करता, तुमच्या खिशातून दर वेळी अंदाजे 2,350 रुपये गेले. त्या तीन वेळा गाडी जालन्यात उभी राहिली असती, तर तोटा कमी झाला असता.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही तुमच्याच वहीत आहे. एका ठिकाणी तुम्ही लिहिले आहे की, चाकणला 6,000 रुपयांचे परतीचे भाडे लगेच मिळत होते, ते तुम्ही सोडले आणि दोन दिवस थांबून 9,000 रुपयांचे घेतले. त्या दोन दिवसांत गाडीच्या सावलीत स्टोव्हवर पिठले केले आणि तीन हजार वाचवल्याचे समाधान मानले, असे तुम्ही पत्रात लिहिता. हप्ता, विमा, कर आणि तुमची मजुरी मिळून 58,000 रुपये होतात. महिन्याच्या तीस दिवसांनी भागल्यास गाडीचा एक दिवस सुमारे 1,900 रुपयांना पडतो. दोन दिवसांचे 3,800 रुपये वजा केल्यावर नऊ हजारांचे भाडे 5,200 रुपयांचेच उरते, म्हणून त्या दिवशी सहा हजारांचे भाडे अधिक फायद्याचे होते. एकच दिवस थांबून नऊ हजार मिळाले असते, तर थांबणे योग्य ठरले असते. आपल्या गाडीच्या एका दिवसाची किंमत प्रत्येक मालकाने अशी काढून ठेवावी आणि दलालाशी बोलताना तो आकडा तोंडपाठ असावा.

म्हणूनच ‘भाडे कमी आहे’ एवढेच तुमच्या अडचणीचे कारण आहे, हे मला पटत नाही. महिन्यातील 28 दिवस तुम्ही घराबाहेर असता, पण चाके दिवसाला सरासरी 150 किलोमीटरच फिरतात. बाकीचा वेळ कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या रांगेत, वजनकाट्यावर, माल खाली होण्याची वाट पाहण्यात आणि दलालाच्या फोनकडे डोळे लावून बसण्यात जातो. समजा, दर तोच राहिला, पण फेरी चारऐवजी तीन दिवसांची झाली आणि प्रत्येक वेळी नऊ हजारांचे परतीचे भाडे मिळाले, तर महिन्यात नऊ फेऱ्या होतील आणि सर्व खर्च, हप्ता व टायरचे पैसे बाजूला काढून तुमच्या हाती सुमारे 24,500 रुपये राहतील. आठ फेऱ्या आणि सहा परतीची भाडी जमली, तरी तूट जवळजवळ भरून निघते, फक्त मजुरी सुटत नाही. नऊ फेऱ्या झोप मोडून करायच्या नाहीत, हे कृपया लक्षात घ्या. त्यासाठी दिवसाला सरासरी 200 किलोमीटर पुरेसे आहेत. वाचवायचा आहे तो उभे राहण्याचा वेळ.

दर इतका कमी का, याबद्दल थोडे लिहितो, म्हणजे स्वतःला दोष देणे थांबेल. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांची कमाल वजनमर्यादा वाढवली आणि तुमच्यासारख्या तीन आसांच्या गाडीची मर्यादा, गाडीचे स्वतःचे वजन धरून, 25 टनांवरून 28.5 टनांवर गेली. रस्त्यावर एकही गाडी न वाढता वाहून नेण्याची क्षमता वाढली, माल मात्र तेवढाच राहिला. शिवाय देशातील बहुतांश गाड्या मोजक्याच गाड्या असलेल्या मालकांच्या आहेत, आणि हप्त्याची तारीख जवळ आली की त्यांतला कोणीतरी पडेल त्या दराला माल उचलतोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 67 नुसार मालवाहतुकीचे किमान आणि कमाल दर ठरवण्याबाबत निर्देश देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, पण व्यवहारात दर बाजारच ठरवतो, आणि नजीकच्या काळात हे बदलेल या आशेवर हप्ते फेडता येणार नाहीत. हिमाचल प्रदेशातील दाडलाघाट आणि बरमाणा येथे ट्रकमालकांच्या संघटना वर्षानुवर्षे मजबूत होत्या. तेथेही डिसेंबर 2022 मध्ये भाड्यावरून सिमेंट कारखाने बंद झाले, दोन महिन्यांहून अधिक काळ गाड्या उभ्या राहिल्या आणि फेब्रुवारी 2023 मध्ये दर कमी करूनच तडजोड झाली. संघटनेत जरूर राहा, विशेषतः ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ या मागणीसाठी राहा, कारण माल उतरवण्याचा खर्च गाडीवाल्याकडून वाराईच्या नावाने वसूल करणे अन्यायाचेच आहे. मात्र घराचा हिशेब संघटनेच्या यशावर बांधू नका.

जास्त माल भरण्याच्या सल्ल्याबद्दल मला स्पष्टच बोलायचे आहे. 18 ऐवजी 24 टन भरले, तर एका फेरीला 5,700 रुपये जादा मिळतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनासाठी 20,000 रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनामागे 2,000 रुपये आहेत, म्हणजे सहा टनांसाठी 32,000 रुपये. शिवाय वरचा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. एकदा पकडले गेल्यास पाच-सहा फेऱ्यांची जादा कमाई जाते. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात हेच वजन वादाचा मुद्दा होते, आणि उतारावर सहा टन जादा सळई मागून ढकलत असताना ब्रेक काय करतात, हे अकरा वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला मी सांगण्याची गरज नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे टनाला 950 हा दर जादा माल भरणाऱ्यांनीच पाडलेला आहे. 24 टन भरणाऱ्याला त्याच दराने 22,800 रुपये मिळतात, त्यामुळे तो दर त्याला परवडतो आणि पासिंगप्रमाणे भरणाऱ्याला परवडत नाही. जो उपाय सगळे करतात त्याचा फायदा शेवटी माल पाठवणाऱ्या पार्टीला मिळतो, आणि धोका गाडीवाल्याकडे राहतो.

मग करायचे काय? सर्वांत आधी चाकणच्या बाजूला कायमचा माणूस शोधा. जालन्यात तुमची ओळख आहे, पण तिकडे तुम्ही प्रत्येक वेळी नव्याने दलालाच्या दारात उभे राहता. मराठवाड्यात नियमित माल पाठवणारे दोन-तीन लहान कारखानदार किंवा वितरक सापडले, आणि निघण्यापूर्वीच परतीचा माल पक्का करता आला, तर दर पाचशे रुपयांनी कमी ठेवूनही तुमचा फायदा होईल. हे काम गाडी चालवताना फोनवर होत नाही. त्यासाठी चार दिवस गाडी उभी करून, स्वच्छ कपडे घालून, कागदपत्रांची फाइल घेऊन फिरावे लागेल. तुमच्याच मार्गावरचे तीन-चार एकाकी मालक एकत्र आले, तर एकाची गाडी अडकल्यावर दुसरा माल उचलू शकतो, आणि एका गाडीवाल्याला नियमित काम देताना पार्टीला वाटणारी मुख्य भीती त्यामुळे दूर होते. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत संपूर्ण खुला झाला आहे. भिवंडीच्या गोदामांमधून मराठवाड्याकडे माल सतत येत असतो, म्हणून टोलचा हिशेब आधी करून दोन-तीन फेऱ्या त्या दिशेनेही करून पाहाव्यात. आणि बिल्टीवर (मालासोबतच्या वाहतूक पावतीवर) हॉल्टिंगची अट लिहून घेण्याचा आग्रह धरा: गाडी पोहोचल्यापासून 24 तासांनंतर प्रत्येक दिवसाचे ठरावीक पैसे. सुरुवातीला नकार येईल. पण पोहोचल्याची आणि खाली झाल्याची वेळ पोच पावतीवर शिक्क्यासह लिहून घेण्याची सवय लावली, तर पुढच्या वेळी बोलायला तुमच्या हातात कागद असेल.

वाळूजच्या वाहतूकदाराचा प्रस्ताव तुम्ही “गुलामी” म्हणून बाजूला सारला आहे. त्यावर पुन्हा विचार करावा, असे मी सुचवतो. दोन्ही बाजूंचे अंतर धरून किलोमीटरला 38 रुपये, महिन्याला किमान 4,500 किलोमीटरची हमी, टोल त्यांचा, डिझेल तुमचे आणि पैसे 45 दिवसांनी, अशी ती अट आहे. यात 1,71,000 रुपये येतात. डिझेल, झीज, जेवण, हप्ता, विमा आणि कर वजा जाता सुमारे 10,200 रुपये उरतात. ही तुमची पूर्ण मजुरी नाही, पण आजच्या तुटीपेक्षा खूपच बरी स्थिती आहे, आणि दर 40 रुपये झाला तर हातात 19,200 रुपयांच्या आसपास येतील. माझ्या मते खरी अडचण दरापेक्षा 45 दिवसांची आहे, कारण तेवढ्या काळात सुमारे 1,45,000 रुपयांचे डिझेल तुम्हाला उसने भरावे लागेल आणि त्याचे व्याज नफा खाऊन टाकेल. म्हणून डिझेल त्यांच्या खात्यावर पंपावरून मिळावे, किंवा पंधरवड्याला उचल मिळावी, ही अट पहिली ठेवा. दुसरी अट डिझेलच्या दराशी जोडलेल्या भाड्याची असावी. लिटरला पाच रुपये वाढले, तर महिन्याला सुमारे 5,350 रुपये, म्हणजे उरलेल्या रकमेचा निम्मा भाग जातो. हे सर्व कागदावर घ्या, आणि एक महिन्याच्या सूचनेने बाहेर पडण्याची मुभाही त्यात असू द्या.

येणे रकमेबाबत एक गोष्ट तुमच्यासारख्या अनेकांना माहीत नसते. मालवाहतूक ही सेवा असल्याने तुम्ही उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करू शकता. ती ऑनलाइन आणि मोफत होते. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत, आणि करार नसल्यास 15 दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मुदत उलटून वर्षअखेरपर्यंतही न दिलेली रक्कम देणाऱ्या पार्टीला त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून वजाही करता येत नाही, त्यामुळे हिशेबनीस मंडळी आता या मुदतीकडे लक्ष देतात. तक्रार केल्यास संबंध तुटतात, हे मला माहीत आहे. पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असणे ही तक्रार नव्हे. दहापेक्षा जास्त गाड्या नसलेल्या मालकाने पॅनसह लेखी घोषणापत्र दिल्यास भाड्यातून टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापला जात नाही, तेही देऊन ठेवा. आयकर विवरणपत्र दरवर्षी भरा, कारण उद्या कर्जाची फेररचना मागताना बँक तेच आधी विचारेल.

मेहुण्यांच्या सल्ल्याकडे आता येऊ. गाडी विकणे म्हणजे हरणे, असे तुम्हाला वाटते आणि तुमच्या पत्रातील ते वाक्य वाचताना मला वाईट वाटले. तुम्ही तीन महिन्यांची मुदत ठरवावी. वहीत टायर, दुरुस्ती, विमा आणि ‘चालक’ असे चार रकाने वाढवा, दर फेरीला किलोमीटरमागे चार रुपये वेगळ्या खात्यात टाका, आणि हा हिशेब दर रविवारी पत्नीसोबत बसून वाचा, कारण दागिने त्यांचे आहेत आणि निर्णयात त्यांचा वाटा असायला हवा. तीन महिन्यांनंतर, मजुरी धरून, तूट महिन्याला पाच हजारांच्या आत आली असेल तर पुढे जाण्याला अर्थ आहे. ती दहा हजारांच्या वर राहिली, तर गाडी विकावी, आणि हप्ते थकण्यापूर्वी विकावी. हप्ता 90 दिवस थकला की कर्जखाते अनुत्पादक ठरते, मग गाडी ओढून नेण्याची भीती सुरू होते आणि मिळणारी किंमत तुमच्या हातात राहत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे. नवी गाडी स्वस्त झाली की जुन्या गाडीचे गिऱ्हाईकही त्याच हिशेबाने किंमत मागते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या भावावर अडून बसू नका. चालक म्हणून नोकरी स्वीकारावी लागलीच, तर जड वाहनाचा परवाना आणि अकरा वर्षांचा रस्त्याचा अनुभव तुमच्याजवळच राहतो, आणि दागिने सुटायला मात्र सुरुवात होते.

विक्रीची वेळ आलीच तर ‘चालू हप्त्यावर’ गाडी देऊ नका. ओळखीचा माणूस पुढचे हप्ते भरण्याचे कबूल करतो, शंभर-पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर सह्या होतात आणि गाडी जाते, पण आरटीओच्या नोंदीत मालक म्हणून तुमचेच नाव राहते. अशा गाडीचा अपघात झाला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. खरेदीदार, वित्तसंस्था आणि तुम्ही यांनी एकत्र बसून कर्जाची उरलेली रक्कम थेट भरून घ्यावी, ना-हरकत पत्र घेऊन गाडीच्या नोंदीवरील कर्जाचा बोजा उतरवावा, आणि हस्तांतराचा अर्ज आरटीओकडे दाखल होऊन त्याची पावती हाती आल्यानंतरच किल्ली द्यावी.